थोडं लक्षात ठेवू का?

ईश्वरी खटावकरनं लिहिलेलं एक वाक्य महाराष्ट्रात रोज लाखो लोकांच्या डोळ्यांखालून जात होतं, पण लेखिका म्हणून तिला कुणी ओळखत नव्हतं. ती पुण्यात बाणेरच्या एका कंपनीत होती. कुठलीही वेबसाइट उघडली की आधी परवानगीची जी चौकट समोर येते, ती चौकट बनवणं हे त्या कंपनीचं काम. कायदा कडक झाल्यापासून परवानगीशिवाय कुकी ठेवता येत नव्हती, त्यामुळे चौकटी बनवणाऱ्यांना सोन्याचे दिवस आले होते.

पूर्वी त्या चौकटीत लिहिलेलं असायचं, 'आम्ही आणि आमचे भागीदार आपला अनुभव समृद्ध करण्यासाठी कुकीज वापरतो.' लोक वैतागायचे, काही जण तर वेबसाइटच बंद करून निघून जायचे. ईश्वरीनं ते सगळं खोडलं आणि लिहिलं, 'तुम्हाला ओळखता यावं म्हणून थोडं लक्षात ठेवू का?' खाली मोठं हिरवं बटण, 'हो, चालेल'. त्याच्याखाली फिकट राखाडी अक्षरांत 'इतर पर्याय'. नकार त्या राखाडी अक्षरांच्या आत, तीन-चार पानं ओलांडल्यावर सापडायचा. तो लपवलेला आहे असं कोर्टात सिद्ध करता आलं नसतं, इतपत काळजी वकिलांनी घेतलेली होती.

होकार इतके वाढले की वर्षभरात तेच वाक्य बँकांच्या, दवाखान्यांच्या, भाजीवाल्यांच्या, शाळांच्या वेबसाइटवर जाऊन बसलं. ईश्वरीला बढती मिळाली. तिच्या आणि निषाद सबनीसच्या लग्नाचं बोलणंही त्याच सुमारास पक्कं झालं.

लग्नाआधी दोघांचा एकत्र आरोग्यविमा काढायचा होता. निषादनं अर्ज भरला आणि चहाचा घोट घेईपर्यंत उत्तर आलं, 'या जोडीसाठी सध्या योजना उपलब्ध नाही.'

"सर्व्हर झोपला असेल," निषाद म्हणाला.

दुसऱ्या कंपनीचं उत्तर तेच आलं, तिसरीचंही. ईश्वरीच्या फोनवरच्या जाहिराती तर काही दिवसांपासून बदललेल्याच होत्या. साड्या आणि प्रवासाच्या जागी चोवीस तास घरी राहणारे सेवक दिसायचे, कठडे लावलेले पलंग दिसायचे, आणि एक जाहिरात पुन्हा पुन्हा यायची: 'बाळाचा विचार करताय? गर्भ रुजवण्याआधीच तपासून घ्या.' त्यातलं बाळ हसत असायचं.

ईश्वरी आतलीच होती, म्हणून तिला विचारायला जागा होती. माहिती विभागातली जुईली तिची मैत्रीण. जेवणाच्या सुट्टीत जुईलीनं तिला कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसवलं आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"तुझ्यावर एक शिक्का आहे. 'एच-अर्ध' नावाच्या गटात आहेस तू."

"म्हणजे?"

"एच म्हणजे हंटिंग्टन. मेंदूचा आजार. अर्ध म्हणजे पन्नास टक्के शक्यता."

ईश्वरीला आधी हसू आलं. "मी साधी तापाची गोळीसुद्धा ऑनलाइन मागवलेली नाही. आणि मी तर सगळीकडे नकार देते. आपल्याला ठाऊक असतं ना तो कुठे आहे ते."

"तू दिलेलंच नाहीये काही," जुईली म्हणाली. "हे कराडहून आलंय. तुझ्या बाबांच्या कीबोर्डवरून."

कुकी ही मुळात अगदी साधी गोष्ट. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर आपल्याला एक बिल्ला मिळतो. परत आलो की बिल्ल्यावरून तो माणूस आपली चप्पल काढून देतो. आपण कोण, कुठले, हे त्याला माहीत नसतं, गरजही नसते. वेबसाइटची कुकी म्हणजे तोच बिल्ला. तुमच्या ब्राउझरच्या खिशात ठेवलेला. त्याच्यामुळे तुमची निवडलेली भाषा आणि अर्धवट भरलेली खरेदीची टोपली वेबसाइटच्या लक्षात राहते.

पुढे असं झालं की गावातल्या सगळ्या देवळांबाहेर एकाच मालकानं स्टँड टाकले. बिल्ला कुठेही दाखवला तरी नोंद एकाच ठिकाणी होऊ लागली. आता त्याला चपलेत रस नव्हता. हा माणूस सोमवारी कुठे जातो, कुणाबरोबर जातो, किती वेळ बसतो, हे त्याला विकता येत होतं. एकाच घरातले, एकाच वायफायवरचे, एकमेकांना फोन करणारे बिल्ले त्यानं दोऱ्यानं बांधून टाकले. धंद्यातले लोक त्याला 'घरजोड' म्हणत.

अलीकडे त्यात भर पडली होती ती बोटांची. टाइप करताना दोन अक्षरांमध्ये जो क्षणाचाही बारीक तुकडा जातो, त्याला प्रत्येक माणसाची एक लय असते. काही आजारांत ही लय डॉक्टरला काही दिसण्याच्या कितीतरी आधी अडखळू लागते. चूक होत नाही, माणसाला स्वतःला कळतही नाही, फक्त अंतरं विस्कटतात. एका दिवसाच्या टायपिंगवरून काही सांगता येत नाही. पण एकच बिल्ला वर्षानुवर्षं शंभर वेबसाइटवर दिसत राहिला, तर सांगता येतं. हंटिंग्टन हा एकाच जनुकातल्या दोषानं होणारा आजार. आई किंवा वडिलांना असेल, तर मुलाला असण्याची शक्यता बरोबर निम्मी. एवढा हिशेब यंत्राला सहज जमतो. हेमंत खटावकर हे नाव त्याला ठाऊक असण्याचंही कारण नव्हतं.

"बाबांना माहितीये?" ईश्वरीनं विचारलं.

"त्यांना कोण सांगणार?" जुईली म्हणाली. "आपण निदान थोडंच करतो? आपण फक्त गट करतो."

ईश्वरी शनिवारी कराडला गेली.

हेमंत खटावकर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. सोमवार पेठेतल्या दोन खोल्यांत ते एकटे राहत आणि मराठी शब्दकोडी सोडवत. आधी वर्तमानपत्रातली सोडवायचे, आता वेबसाइटवरची. शेजारचे रफिक शिकलगार, एसटीतले निवृत्त कंडक्टर, रोज सकाळी यायचे आणि दोघं मिळून एका कोड्याशी भांडायचे.

ती गेली तेव्हा बाबा कॉम्प्युटरसमोरच बसले होते. तिनं मागून बघितलं. बोटं ठीक चालत होती. पण टेबलाखाली उजवा पाय मधूनच उडत होता, माशी हाकलल्यासारखा. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं.

एक नवीन वेबसाइट उघडली, चौकट आली, आणि बाबांनी बघताक्षणी 'हो, चालेल' दाबलं.

"बाबा, तुम्ही वाचत का नाही?"

"काय वाचायचं? तूच लिहिलंयस ना!" ते खुर्ची वळवून म्हणाले. "रफिकला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, हे आमच्या ईश्वरीचं वाक्य. तू सांगितलं नव्हतंस, तरी मी ओळखलं."

"कसं?"

"तुझी आई पंगतीत 'थोडं वाढू का?' असं विचारायची ना, तसंच आहे ते. नाही म्हणवतच नसे कुणाला. आता मला कुठं दिसलं की मी दाबतोच. म्हटलं, आपल्या पोरीच्या दुकानात बोहनी."

ईश्वरी आत स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. शिक्षकाच्या बायकोनं पाहुण्यांना आग्रह करावा तसं ते वाक्य झालं पाहिजे, हे तिनं ठरवूनच केलं होतं. आईचा आवाज तिनं कानात आणला होता आणि मग लिहिलं होतं. सादरीकरणात मात्र त्याला 'घरगुती सूर' असं नाव दिलं होतं.

दुपारी तिनं त्यांना सगळं सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं. पण तो गट विकत घेणाऱ्या साडेचारशे कंपन्यांना जे माहीत आहे ते ज्याचं त्यालाच माहीत नसावं, हे तिला सहन होईना.

बाबांचा पाय उडत होता. आता ते त्याच्याकडे बघत होते.

"म्हणजे अण्णा पीत नव्हते," ते म्हणाले.

"कोण?"

"माझे वडील. चालताना झोकांड्या जायच्या, हातातलं पडायचं. सगळी पेठ त्यांना दारुडा म्हणायची. मीही म्हणायचो. त्यांच्या कपड्यांना कधी वास नाही आला, तरी म्हणायचो." त्यांनी चष्मा काढला. "चाळीस वर्षांनी कळतंय, आणि तेही कोडी सोडवताना."

मग त्यांनी शिक्षकासारखं एकेक विचारायला सुरुवात केली. तिनं त्यांच्या ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कुकीज कुठे दिसतात ते दाखवलं. तिऱ्हाइतांच्या कुकीज कायमच्या बंद कशा करायच्या, आधीच्या कशा पुसायच्या, दिलेली परवानगी मागे कशी घ्यायची, राखाडी अक्षरांतून नकारापर्यंत कसं पोचायचं, हेही दाखवलं. बाबांनी स्वतःच्या हातानं सगळं पुसलं. शब्दकोड्याच्या वेबसाइटनं त्यांना अनोळखी माणसासारखं नाव विचारलं.

"झालं? गेला तुझ्यावरचा शिक्का?"

"नाही. तुमच्या खिशातला बिल्ला गेला. त्यांच्याकडची नोंद राहते."

"ती पुसायला सांग. कायदा आहे ना?"

"तुमची माहिती पुसतील. पण माझ्यावरचा शिक्का ही माझी माहिती नाही, तो त्यांचा अंदाज आहे. अंदाज त्यांच्या मालकीचा."

"मग जात कसा नाही तो?"

तिला उत्तर माहीत होतं, पण सांगावंसं वाटत नव्हतं. "घरजोड सुटली तर जातो. दोन माणसांचा संबंध असल्याची खूण दीडएक वर्ष मिळाली नाही, म्हणजे फोन नाही, एका छताखाली दोन फोन नाहीत, काहीच नाही, तर यंत्र ती गाठ जुनी समजून सोडून देतं. पण असं कुणी करतं का बाबा? सोडा ते."

बाबांनी सोडलं नाही, हे तिला नंतर कळलं.

पुण्यात निषाद तिच्याशी पहिल्यासारखाच वागत होता, आणि तो प्रयत्न तिला दिसत होता. त्याच्या आईच्या फोनवरही आता गर्भतपासणीच्या जाहिराती येऊ लागल्या होत्या. घरजोड त्या घरापर्यंत पोचली होती.

"रक्ताची टेस्ट करून टाक ना," निषाद एका संध्याकाळी म्हणाला. "निगेटिव्ह आली की रिपोर्ट सगळ्यांच्या तोंडावर मारू."

"आणि पॉझिटिव्ह आली तर?"

तो बाल्कनीतल्या कुंडीतली सुकलेली पानं खुडत राहिला.

"मला जाणून घ्यायचं नाहीये, निषाद. बरा न होणारा आजार आहे. तो पन्नाशीत येणार की नाही हे मला आज कळायला नकोय. एवढा हक्क आहे ना मला?"

"तुला आहे. पण मग मीही न जाणताच लग्न करायचं का?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "तू ते दीड वर्षाचं म्हणत होतीस. ते काय वाईट आहे? तुझ्या बाबांचीच काळजी मिटेल. दीड वर्ष म्हणजे काय, बघता बघता जातं."

"ते माझे बाबा आहेत."

"माहितीये गं. कायमचं कुठं म्हणतोय मी?"

दोन दिवसांनी बाबांचा फोन आला. शब्दांमध्ये थोडं अंतर पडत होतं. ते आधीपासून होतं की तिला आताच ऐकू येत होतं, कोण जाणे.

"मी मिरजेला जाऊन आलो," ते म्हणाले. "डॉक्टर भला माणूस आहे. यंत्राचा अंदाज बरोबर होता म्हणाला. ते असो. कॉम्प्युटर शाळेला देऊन टाकला. सगळीकडची परवानगी मागे घेतली. आता एकच राहिलीये."

"कुठली?"

"तुझी. हा शेवटचा फोन. उद्यापासून हा नंबर नाही. तू यायचं नाहीस, रफिकला विचारायचं नाही, कुणाकरवी निरोप पाठवायचा नाही."

"बाबा, मी नाही म्हणतेय! मला हे मान्य नाही!"

"ते मान्य आहे का असं मी कुठं विचारलंय," ते म्हणाले, आणि हसले. "तुझ्यासारखं लिहिता येत नाही मला."

तिनं परत लावला तेव्हा फोन बंद होता.

पहिल्या महिन्यात ती एकदा स्वतःचा फोन घरी ठेवून स्वारगेटला गेली. फोनशिवाय तिकीट मिळत नव्हतं. खिडकीतल्या माणसानं तिच्याकडे संशयानं बघितलं आणि ती परत आली. दुसरे मार्ग होते. कुणाच्या गाडीतून जाता आलं असतं, अलीकडच्या गावात उतरून चालत जाता आलं असतं. तिनं ते केलं नाही. दर महिन्याला जुईली तिचा शिक्का बघून द्यायची. गाठ अजून होती, पण सैल पडत चालली होती. आपण ती सैल होण्याची वाट बघतोय, हे ईश्वरीच्या लक्षात यायचं आणि ती दुसऱ्या कामाला लागायची. कामं पुष्कळ होती. तिचं वाक्य आता कानडीत आणि गुजरातीत जाणार होतं.

दहा महिने गेले. एका बुधवारी दुपारी जुईली जवळजवळ धावतच तिच्या टेबलाशी आली.

"सुटली!" ती म्हणाली. "एच-अर्ध गेलं. कोरी आहेस तू!"

"पण दीड वर्ष कुठं झालंय?"

"नियम बदलला असेल. तुला काय करायचंय? पार्टी दे!"

ईश्वरीनं निषादला फोन केला. तो ऑफिसमधून थेट तिच्या घरी आला, येताना पेढे घेऊन. त्यानं तिथेच उभ्या उभ्या विम्याचा अर्ज भरला आणि होकार आला. त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लागला. आईनं डोळे पुसले आणि डिसेंबरातल्या तारखा वाचायला घेतल्या. ईश्वरी हसत होती. बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागली होती. दुसरा पेढा तोंडात घालते आहे तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात रफिक शिकलगार उभे होते. पायजमा धुळीनं माखलेला, हातात पाण्याची रिकामी बाटली.

"रफिकचाचा? तुम्ही इथे?"

"फोन करायचा नाही असं मास्तरांनी बजावलं होतं," ते म्हणाले. "काहीही झालं तरी. पत्ता पाठ करून घेतला होता माझ्याकडून. म्हणून स्वतः आलो, पोरी."

तिला तेवढ्यानं कळलं. तरी तिनं विचारलं, "कधी?"

"काल कधीतरी न्हाणीत पडले. मी कामासाठी साताऱ्याला गेलेलो. आज सकाळी येऊन बघतो तर दार आतून बंद. दार फोडलं. पडलं की आपोआप फोन लावणारं घड्याळ तू दिलं होतंस ना, ते त्यांनी कधीच काढून ठेवलं होतं. म्हणाले, हे पण तिच्या नंबरला बांधलेलं आहे." रफिकचाचा दाराची चौकट धरून उभे होते. "डॉक्टर म्हणाला, लगेच कुणी आलं असतं तर... जाऊ दे. दवाखान्यानं दहाच्या सुमाराला कागद केले. मी तसाच निघालो."

दहाच्या सुमारास दवाखान्यानं मृत्यूची नोंद केली, आणि दुपारपर्यंत ती नोंद सगळीकडे पोचली. मेलेला माणूस काही खरेदी करत नाही. घरजोडीतून त्याला काढून टाकतात, आणि त्याच्याबरोबर त्याच्यापासून निघालेले सगळे अंदाजही जातात. ईश्वरीच्या रक्तात जे असेल ते सकाळी होतं तेवढंच दुपारीही होतं. यंत्राला फक्त त्याचं कारण सापडेनासं झालं होतं.

टेबलावरच्या फोनमधून निषादची आई विचारत होती, "हॅलो? दिसत नाही गं काही. कोण आलंय?"

निषादनं गाडी काढली. रफिकचाचा मागे बसले आणि सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिले. सातारा मागे पडला. उंब्रज ओलांडल्यावर निषादनं गाडी बाजूला घेतली.

"ईश्वरी, एक सांगू? चुकीचं वाटेल, पण ऐक. फोन इथेच बंद करून ठेवूया. दोघांचेही. तिथे सगळे नातेवाईक असणार, त्यांचे फोन, तो पत्ता. आत्ताच सुटलंय, लगेच परत नको लागायला. बाबांनी एवढं केलं ते त्यासाठीच ना?"

तो खोटं बोलत नव्हता. बाबांनी ते त्यासाठीच केलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर खरंच काळजी होती, आणि तिला सगळ्यात वाईट वाटलं ते त्याचंच.

"चला," ती एवढंच म्हणाली.

सोमवार पेठेत शिरले तेव्हा दिवेलागण झाली होती. दारापुढे पंधरा-वीस माणसं उभी होती. निषादनं स्वतःचा फोन बंद करून समोरच्या कप्प्यात ठेवला आणि तिच्यापुढे हात केला. ईश्वरी गाडीतून उतरली. तिनं पर्समधून फोन काढला, सुरूच होता, तो तिनं सगळ्यांना दिसेल असा मुठीत धरला आणि चालू लागली. गर्दीनं वाट दिली. उंबऱ्याशी फोन थरथरला. एक चौकट आली, दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दांतली. नवं ठिकाण आढळलं आहे, हे आपलं घर आहे का, असं ती विचारत होती.

तिनं 'हो' दाबलं आणि आत गेली. रफिकचाचा तिच्या मागून आत गेले. निषाद बराच वेळ गाडीत बसून होता. मग त्यानं काच वर घेतली.